बालीतला एक मधुचंद्र : १९३०

१९३० च्या वसंतात न्यूयॉर्कमधील एका जोडप्याने विवाह केला आणि मधुचंद्रासाठी असे ठिकाण निवडले, जिथे पोहोचायलाच सहा आठवडे लागत. वर होता मिगेल कोवारूबियास. मेक्सिको सिटीत १९०४ साली जन्मलेला हा तरुण एकोणिसाव्या वर्षी न्यूयॉर्कला आला आणि 'व्हॅनिटी फेअर' व 'न्यूयॉर्कर'मधील व्यंगचित्रांमुळे पाहता पाहता त्या शहराच्या लाडक्या कलावंतांपैकी एक झाला. वधू रोसा रोलांदा ही कॅलिफोर्नियात जन्मलेली, ब्रॉडवेच्या रंगमंचावर नाव मिळवलेली नर्तकी. वयाने ती नवऱ्याहून बरीच मोठी होती. बरोबर घेतलेल्या सामानात त्याच्या चित्रवह्या होत्या आणि तिचा कॅमेरा. गंतव्यस्थान होते डच ईस्ट इंडीजमधील बाली.

हा धागा त्या मधुचंद्राचा आहे. मात्र ते बेट पाहुण्यांना 'पाहण्याजोगे' कसे झाले, हे समजून घ्यायचे तर वाटेत एकदा चोवीस वर्षे मागे जावे लागेल.

बालीची ओढ त्यांना एका पुस्तकाने लावली होती. ग्रेगोर क्राउझ नावाचा जर्मन डॉक्टर १९१२ पासून काही काळ बालीतील बांगली येथे डच सरकारच्या नोकरीत होता. रिकाम्या वेळी त्याने बेटावरील माणसांची हजारो छायाचित्रे काढली आणि १९२० साली त्यांतील सुमारे चारशे जर्मनीत पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली. महायुद्धाच्या चिखलातून नुकत्याच बाहेर पडलेल्या युरोपला त्या पानांवर ओढ्यात स्नान करणारी, देवळात नैवेद्य नेणारी, चिंतामुक्त भासणारी माणसे दिसली. पुस्तक हातोहात फिरले. पुढल्या दोन दशकांत बालीला गेलेल्या अनेक कलावंतांच्या प्रवासाची सुरुवात याच छायाचित्रांपाशी सापडते. कोवारूबियास दांपत्यही त्याला अपवाद नव्हते.

त्या काळी बालीला जाणारा पाहुणा उत्तर किनाऱ्यावरील बुलेलेंगच्या बंदरात उतरे. १९२४ पासून के.पी.एम. या डच जहाज कंपनीच्या आगबोटी बाताव्हिया आणि सुराबाया येथून तेथे नियमित येऊ लागल्या होत्या. त्यांचा मुख्य धंदा मात्र प्रवाशांचा नव्हता. बालीतून डुकरे, सुके खोबरे आणि कॉफी बाहेर नेणे हा होता. या बोटींना गमतीने 'बाबी एक्सप्रेस' म्हणत. मलय भाषेत 'बाबी' म्हणजे डुक्कर. स्वर्गात नेणारे वाहन परतीच्या वाटेवर डुकरे वाहून नेई, ही गोष्ट जाहिरातींत अर्थातच नसे.

सर्वसाधारण पाहुण्याचा कार्यक्रम तीन दिवसांचा असे. बंदरावर उतरायचे, मोटार भाड्याने घ्यायची, डोंगर ओलांडून किंतामणीला बातुर ज्वालामुखीचे दर्शन घ्यायचे, दक्षिणेतील देनपसारला मुक्काम करायचा, एखादे देऊळ आणि एखादे नृत्य पाहायचे आणि त्याच बोटीने परतायचे. मोटारींचा धंदा करणाऱ्यांत पतिमा नावाची एक स्त्री प्रवाशांत फार प्रसिद्ध होती. ती एका बाली राजाच्या अंतःपुरातून, चितेच्या भीतीने निसटून आली, अशी आख्यायिका पाहुणे एकमेकांना सांगत. खरेखोटे कसेही असो, राजवाडे मोडून पडल्यानंतरच्या बालीत एखाद्या राणीने टॅक्सीचा धंदा काढणे कोणालाही अशक्य वाटत नव्हते, एवढे मात्र त्या आख्यायिकेवरून कळते.

देनपसारला के.पी.एम.ने १९२० च्या दशकाच्या अखेरीस 'बाली हॉटेल' उभारले होते. अशा हॉटेलांतले जेवण म्हणजे 'रिस्टाफेल'. नोकरांची रांग एकामागून एक ताटल्या घेऊन येई, पाहुणा मधोमध भाताचा ढीग घेऊन त्याभोवती दहा-वीस पदार्थ मांडून घेई. ही पंगत मूळ इंडोनेशियाच्या घरांतली नव्हे. तिथल्या पदार्थांची डच मळेवाल्यांनी केलेली ही मांडणी होती. तिला चव होती, पण घर नव्हते.

आणखी एक नमुना. बुलेलेंगच्या पूर्वेला कुबुतंबाहान गावी एका देवळाच्या भिंतीवर सायकलस्वाराचे शिल्प आहे. मागचे चाक म्हणजे उमललेले फूल, अंगावर वेलबुट्टीचे वस्त्र, चेहरा मात्र परक्या माणसाचा. १९०४ च्या सुमारास सायकलवरून बेट पालथे घालणारा डच चित्रकार निउवनकाम्प हाच तो, असे मानले जाते. १९१७ च्या भूकंपानंतर या शिल्पाची दुरुस्ती झाली, तेव्हा ते आणखी फुलारले. पाहुणे बालीच्या लोकांची चित्रे काढत होते, त्याच सुमारास बालीच्या पाथरवटांनी पाहुण्याचेही चित्र कोरून ठेवले होते. देवळाच्या भिंतीवर त्याला जागा दिली, ती एका नवलाच्या प्राण्याइतकीच.

मिगेल आणि रोसा यांना तीन दिवसांचे बाली नको होते. हॉटेल सोडून ते देनपसारच्याच बेलालुआन वस्तीत एका बाली कुटुंबाच्या वाड्यात जाऊन राहिले. वाडा म्हणजे एकच इमारत नसते. उंच कुंपणाच्या आत वेगवेगळे मंडप, प्रत्येकाचे काम ठरलेले: झोपायचा वेगळा, पाहुण्यांचा वेगळा, स्वयंपाकाचा वेगळा, धान्याचे कोठार वेगळे आणि डोंगराच्या दिशेच्या कोपऱ्यात घरचे देऊळ. बालीत दिशा उत्तर-दक्षिण अशा मोजत नाहीत. 'काजा' म्हणजे डोंगराकडे, 'केलोद' म्हणजे समुद्राकडे. देव डोंगराकडे, अशुभ ते समुद्राकडे, माणूस मध्ये. उशाची दिशासुद्धा या हिशेबाने ठरते. सुट्टीसाठी आलेल्या जोडप्याला पहिला धडा मिळाला तो हा, आणि त्यासाठी कोणत्याही देवळाचे तिकीट काढावे लागले नाही.

मोडकीतोडकी मलय भाषा बोलत त्यांचा संसार सुरू झाला. आणि या संसारातला सर्वांत रसाळ भाग स्वयंपाकघराचा आहे, म्हणून तिथे थोडे थांबू.

बालीतील रोजचे जेवण अगदी साधे असे. बायका सकाळी एकदाच भात व भाजी रांधून ठेवत. मग ज्याला जेव्हा भूक लागेल तेव्हा त्याने आपले पान घ्यावे, कोपऱ्यात बसावे आणि उजव्या हाताने मुकाट्याने जेवावे. कुटुंबाने एकत्र बसून, गप्पा मारत जेवण्याची रीत नव्हती. जेवणाऱ्याकडे टक लावून पाहणे किंवा त्याच्याशी बोलणे असभ्य मानले जाई. न्यूयॉर्कच्या मेजवान्यांत वाढलेल्या मिगेलला याचे मोठे नवल वाटले आणि त्याने ते टिपून ठेवले.

सणाचा स्वयंपाक मात्र वेगळा, आणि तो पुरुषांचा. वस्तीच्या मंडळाला 'बंजार' म्हणतात. देवळाचा उत्सव, दहनविधी, लग्न असे काही निघाले की बंजारचे पुरुष पहाटेच्या अंधारात जमतात. प्रत्येकाकडे जड सुरा आणि पुढ्यात लाकडाचा ठोकळा. मग तासन्‌तास चालणारा तो खटखटाट! मांस बारीक होते, ओला नारळ किसला जातो, वाटण तयार होते. वाटणात छोटे कांदे, लसूण, हळद, आले, कुलिंजन, मिरी, मिरची आणि 'तरासी', म्हणजे सुकवलेल्या कोलंबीचा आंबवून वाटलेला उग्र गोळा. ज्याने कोकणात जवळ्याची चटणी खाल्ली आहे, त्याला या वासाची ओळख वेगळी करून द्यायला नको. या वाटणापासून 'लावार' होतो: चिरलेले मांस, नारळ, कोवळ्या भाज्या आणि रंगासाठी ताजे रक्त. 'साते लेंबात' हा दुसरा पदार्थ. नारळाच्या दुधात मळलेला खिमा काडीभोवती थापून निखाऱ्यावर भाजतात. आणि मानाचा पदार्थ 'बाबी गुलिंग'. डुकराच्या पिलाला आतून मसाला आणि पाला भरायचा, वरून हळदीचे पाणी फासायचे आणि निखाऱ्यांवर बांबूभोवती सावकाश फिरवत राहायचे. कातडी काचेसारखी कुरकुरीत झाली पाहिजे. चव तिच्यातच.

बेलालुआनच्या पंगतीत समुद्री कासवाच्या मांसालाही मान होता. आज इंडोनेशियात समुद्री कासवांना कायद्याचे संरक्षण आहे. त्या काळी दक्षिण बालीत त्याच्याशिवाय मोठा समारंभ पुरा होत नसे. कोवारूबियासने कासव कापण्यापासून वाढण्यापर्यंतचे सगळे टप्पे लिहून ठेवले आहेत. वाचताना पोटात ढवळते, पण त्याने नजर वळवली नाही. पोरे चिकट लावलेल्या काठ्यांनी चतुर पकडत आणि ते मसाल्यात शिजवून खात, हेही त्याने तितक्याच प्रेमाने नोंदवले आहे. पिण्यासाठी 'तुआक' म्हणजे ताडीमाडीचीच बहीण, 'अराक' म्हणजे तिचा अर्क, आणि 'ब्रेम' ही तांदळाची गोडसर दारू. शेवटी विडा: पान, सुपारी, चुना. या बाबतीत मराठी घर आणि बाली घर यांत फरक शोधावाच लागेल.

रोसाने हे सगळे नुसते खाल्ले नाही. ती उत्तम सुगरण होती आणि पुढे मेक्सिकोतील तिच्या घरची पंगत प्रसिद्ध झाली. बालीत तिचा कॅमेरा जिथे पोहोचला, तिथे एकट्या पुरुषाला सहज जाता आले नसते: स्नानाच्या घाटांवर, नैवेद्य रचणाऱ्या बायकांच्या घोळक्यात, नृत्य शिकणाऱ्या मुलींच्या ओळीत. स्वतः नर्तकी असल्याने बोटे कुठे वळतात, मान कुठे थांबते, हे तिला कळत होते. नंतर निघालेल्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर नाव मिगेलचे आहे. छायाचित्रांचा भरघोस विभाग रोसाचा आहे. तिच्या वाट्याचे श्रेय बहुतेक वाचक एका ओळीत उरकतात.

प्रेक्षणीय स्थळे त्यांना दाखवली वॉल्टर श्पीसने. मॉस्कोत जन्मलेला हा जर्मन चित्रकार आणि संगीतकार १९२७ पासून उबुदच्या राजघराण्याच्या आश्रयाने बालीत राहत होता. कुठल्या गावी कोणता उत्सव आहे, कोणता म्हातारा जुना नाच अजून शिकवतो, कोणत्या देवळात अर्ध्या रात्री समाधिनृत्य होईल, हे श्पीसला ठाऊक असे. या जोडीने त्याच्याबरोबर बेट पालथे घातले. बेलालुआनमध्ये तर त्यांना दारातच संगीत होते, कारण तिथले गामेलान वाद्यवृंद मंडळ दक्षिण बालीत नावाजलेले होते. दिवसा शेतात राबणारी माणसे रात्री काशाच्या पट्ट्यांवर हातोड्या घेऊन बसत.

इथे एक सूक्ष्म गोष्ट सांगायला हवी. आज पर्यटकांना बालीचे 'प्राचीन' नृत्य म्हणून जे हमखास दाखवले जाते, ते शेकडो पुरुषांच्या 'चक-चक' घोषाचे 'केचाक'. त्याचे आजचे रूप १९३० च्या आसपासचे आहे. समाधिविधीतील पुरुषांच्या समूहघोषाला बेदुलू गावच्या लिंबाक या नर्तकाने आणि श्पीसने रामायणाची कथा जोडली. १९३३ साली प्रदर्शित झालेल्या एका जर्मन चित्रपटाचाही त्यात वाटा होता. म्हणजे कोवारूबियास दांपत्य जे पाहत होते, त्यातले काही त्यांच्या डोळ्यांसमोर घडत होते. परंपरा खोटी होती असा याचा अर्थ नाही. ती जिवंत होती आणि पाहुण्यांकडे बघून वळणे घेत होती.

आता चोवीस वर्षे मागे.

मे १९०४ मध्ये 'श्री कुमाला' नावाचे एक व्यापारी गलबत सानुरच्या किनाऱ्यावर फुटले. गलबत चिनी मालकाचे, झेंडा डच. किनाऱ्यावरच्या लोकांनी माल लुटला, असा मालकाचा दावा होता. डच सरकारने बादुंगच्या राजाकडे तीन हजार रिंगिट भरपाई मागितली. राजाने चौकशी केली, आपल्या प्रजेने काही लुटले नाही असे सांगितले आणि पैसे देण्यास नकार दिला. फुटलेल्या जहाजावर किनाऱ्याच्या राजाचा हक्क, ही बालीतली जुनी रीत होती. डचांना ती मोडायची होती. त्याच सुमारास ताबानान येथे राजाच्या विधवांचे सहगमन घडले होते. 'सती' शब्दाशी नाते सांगणाऱ्या या प्रथेला बालीत 'मसत्या' म्हणत. तिचा हवाला देऊन, आपण सुधारणेसाठी येत आहोत, असे सांगणेही डचांना सोयीचे झाले. भारतातील वसाहतवादाचा इतिहास वाचलेल्यांना ही युक्ती नवी वाटणार नाही. प्रथा क्रूर होती यात शंका नाही. पण तोफा काही विधवांसाठी आणल्या नव्हत्या.

सप्टेंबर १९०६ मध्ये डच सैन्य सानुरला उतरले. २० सप्टेंबरला ते देनपसारच्या राजवाड्याकडे चालून गेले. वाड्यात आग लागलेली होती, ढोल वाजत होते. मग दरवाजातून एक मिरवणूक निघाली. पुढे पालखीत राजा, मागे राण्या, मुले, पुरोहित, सेवक. अंगावर पांढरी वस्त्रे आणि ठेवणीतले दागिने, हातात खंजीर. सैन्यापासून काही पावलांवर राजा पालखीतून उतरला आणि इशारा होताच त्याच्याच माणसाने त्याच्या छातीत खंजीर खुपसला. मग इतरांनी स्वतःला आणि एकमेकांना भोसकायला सुरुवात केली. काही जण भाले घेऊन सैनिकांवर धावले. स्त्रियांनी सैनिकांच्या दिशेने दागिने आणि नाणी भिरकावली. सैन्याने गोळीबार केला आणि तो चालू ठेवला. त्याच दिवशी पमेचुतानच्या राजवाड्यापुढे हेच पुन्हा घडले. मृतांचे आकडे वेगवेगळे सांगितले जातात. काही अंदाज हजाराच्या पुढे जातात. प्रेतांवरचे सोने आणि वाड्यातला ऐवज लुटला गेला. ताबानानचा राजा आणि युवराज शरण आले आणि कैदेत त्यांनी आत्महत्या केली. २८ एप्रिल १९०८ रोजी क्लुंगकुंगला, बालीतल्या सर्वोच्च मानाच्या राजापुढे, शेवटचा अंक झाला.

बाली भाषेत याला 'पुपुतान' म्हणतात. 'पुपुत' म्हणजे संपणे.

देनपसारचे बाली हॉटेल या घटनेच्याच परिसरात उभे राहिले. हॉटेलच्या ओसरीवर बसून थंड पेय पिणाऱ्या पाहुण्याच्या डोळ्यांपुढचे हिरवे मैदान हे बावीस-तेवीस वर्षांपूर्वीचे रणांगण होते. भाजीबाजारातल्या चाळिशीच्या बाईने ते पाहिले असण्याची शक्यता होती.

या हत्याकांडाची बातमी युरोपात पोहोचली, तेव्हा नेदरलँड्सची प्रतिमा डागाळली. त्यानंतर वसाहतीच्या अधिकाऱ्यांनी बालीला एक 'जिवंत संग्रहालय' म्हणून जपण्याचे धोरण आखले. १९१४ मध्ये सरकारी पर्यटन कचेरीने बालीच्या जाहिराती सुरू केल्या. १९२० च्या दशकात शाळांतून मुलांना बाली भाषा, बाली पोशाख, बाली कला शिकवण्यावर भर आला. याला 'बालीसेरिंग' म्हणजे 'बालीकरण' असे नाव होते. बालीच्या माणसांना बाली बनवण्याचा हा उद्योग! त्यामागे हिशेब होता: जावामध्ये राष्ट्रवाद आणि इस्लामी चळवळी वाढत होत्या, त्यांचे वारे या बेटाला लागू नये.

संग्रहालय जपायचे तर वस्तू जागच्या जागी हव्यात. म्हणून डचांनी जातिव्यवस्थाही 'दुरुस्त' करून दिली. पूर्वी बालीत एखादे घराणे वर चढत असे, एखादे खाली येत असे. १९१० पासून वरचे तीन वर्ण आणि बाकीचे सगळे शूद्र, अशी रेषा सरकारी कागदावर पक्की झाली. उच्चवर्णीय स्त्रीने खालच्या वर्णाच्या पुरुषाशी विवाह केल्यास हद्दपारीची शिक्षा होती; हा नियम थेट १९५१ साली रद्द झाला. पाहुण्यांच्या मोटारी ज्या सुरेख रस्त्यांवरून धावत, ते रस्ते गावकऱ्यांच्या सक्तीच्या श्रमातून बांधले आणि राखले जात, आणि हा बोजा वाहत ते शूद्र ठरलेले लोक. जमीनपट्टी रोख पैशात भरावी लागे. अफूचा सरकारी मक्ता १९०८ पासून चालू होता. हे सगळे मिळून ते निवांत, 'काळाचा स्पर्श न झालेले' बेट तयार झाले होते.

पाश्चात्त्यांना तिथे ईडनची बाग दिसली, हे उघडच आहे. भारतीयांना काय दिसले? १९२७ मध्ये रवींद्रनाथ ठाकूर सुनीतिकुमार चटर्जी यांच्यासह बालीत आले. कारांगआसेमचा राजा त्यांच्याबरोबर मोटारीत होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. वळणावर समुद्र दिसला आणि राजा उद्गारला, 'समुद्र'. मग त्याने सागराचे इतर संस्कृत पर्याय सांगितले, पुढे सात समुद्र, सात पर्वत अशी नावे म्हणून दाखवली. भारावून जावे असाच तो क्षण आहे. पण त्यातही एक सापळा आहे. बाली म्हणजे आपलाच हरवलेला जुना भारत, असे मानले की बालीच्या माणसाने शतकानुशतके स्वतः काय घडवले ते दिसेनासे होते. एकच उदाहरण पुरे. बालीचे एक पंचांग शालिवाहन शकाचेच आहे आणि त्याचे नवे वर्ष बहुधा आपल्या गुढीपाडव्याच्या आगेमागे, पुष्कळदा त्याच दिवशी येते. महाराष्ट्रात त्या दिवशी गुढी उभारतात, गोडधोड होते. बालीत त्या दिवशी 'न्येपी': चूल पेटवायची नाही, दिवा लावायचा नाही, घराबाहेर पडायचे नाही. शक एकच आहे, नव्या वर्षाची कल्पना मात्र पूर्ण वेगळी.

कोवारूबियासकडे हे दोन्ही चष्मे नव्हते असे नाही. त्याच्या लेखनातही स्वप्नाळूपणा पुष्कळ आहे. तरी एक फरक पडला. बालपणी त्याने मेक्सिकोची क्रांती पाहिली होती, आणि स्पॅनिश विजेत्यांनी मोडलेल्या संस्कृतींच्या अवशेषांत तो वाढला होता. जिंकलेल्यांच्या बाजूचा इतिहास विचारावा लागतो, हे त्याला कळत होते. १९३३ मध्ये गुगनहाइम शिष्यवृत्ती मिळवून तो रोसासह पुन्हा बालीला आला, तो आता प्रवासी म्हणून नव्हे तर अभ्यासक म्हणून. जागतिक मंदीने तोवर बेटाला घेरले होते. डुकरांचे आणि खोबऱ्याचे भाव कोसळले होते, कर मात्र रोखच भरायचे होते. कित्येक शेतकऱ्यांच्या जमिनी हातच्या गेल्या. त्याच वर्षांत पर्यटक मात्र वाढत होते. १९३२ मध्ये चार्ली चॅप्लिन येऊन गेला, बालीवरचे चित्रपट अमेरिकेत गल्ला भरू लागले.

१९३७ मध्ये 'आयलंड ऑफ बाली' न्यूयॉर्कमध्ये प्रसिद्ध झाले. त्यात जेवण आहे, घर आहे, नाच आहे, दहनविधी आहे आणि १९०६ ची कथाही आहे. शेवटी त्याने स्पष्ट इशारा दिला: आयात स्वस्त माल, रोख करांचा भार, धर्मप्रसारक आणि पर्यटक या साऱ्यांच्या दडपणाखाली हे जग टिकणार नाही. पुस्तकाची पुढची गत मात्र विचित्र झाली. न्यूयॉर्कच्या बड्या दुकानांत बाली शैलीची कापडे आणि पोशाख झळकले, त्यामागे कोवारूबियासचीच चित्रे होती. पर्यटनाविरुद्ध इशारा देणारे पुस्तक हातात घेऊन पर्यटक बोटीतून उतरू लागले. आजही ते छापले जाते, बालीतल्या दुकानांत विकले जाते.

जोडपी येतच राहिली. संगीतकार कॉलिन मॅक्फी आणि मानववंशशास्त्रज्ञ जेन बेलो आली. मार्गारेट मीड आणि ग्रेगरी बेटसन १९३६ मध्ये वाटेत सिंगापूरला लग्न करून आले. त्याच वर्षी रॉबर्ट आणि लुईस कोक या अमेरिकन जोडीने कुटाच्या निर्जन वाळूवर बांबूच्या झोपड्यांचे हॉटेल काढले. रॉबर्टने तिथे लाटांवर फळी चालवायला सुरुवात केली. कुटाचा किनारा आज ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी त्या निर्जनतेची कल्पना करून पाहावी. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी सैन्य सानुरलाच उतरले, डचांनी छत्तीस वर्षांपूर्वी निवडलेल्या त्याच किनाऱ्यावर. त्याआधी महिनाभर, डचांचा कैदी म्हणून एका जहाजातून नेला जात असताना वॉल्टर श्पीस जपानी बॉम्बहल्ल्यात बुडून मेला.

मिगेल आणि रोसा मेक्सिकोला परतले. दक्षिण मेक्सिकोतील तेवांतेपेकवर त्याने बालीच्याच धर्तीचे मोठे पुस्तक लिहिले. लग्न टिकले नाही. पन्नाशीच्या दशकात तो एका तरुण नर्तकीत गुंतला आणि १९५७ मध्ये वारला. रोसा त्यानंतर तेरा वर्षे, संग्रहाने भरलेल्या त्यांच्या घरात राहिली.

जुलै २०२३ मध्ये नेदरलँड्सने इंडोनेशियाला ४७८ वस्तू परत केल्या. त्यात क्लुंगकुंगहून लुटलेला एक खंजीर होता, आणि 'पिता महा' या १९३६ मध्ये उबुदला स्थापन झालेल्या, श्पीसचाही हात असलेल्या कलामंडळाच्या काळातील बाली चित्रे व शिल्पेही होती. पुपुतानची लूट आणि पर्यटनयुगातील कला एकाच यादीतून घरी परतली.

देनपसारच्या त्या हिरव्या मैदानाला आता 'पुपुतान' हेच नाव आहे. मधोमध पुतळे आहेत: खंजीर उगारलेला पुरुष, शेजारी स्त्री आणि मुले. हॉटेलची जुनी इमारत तिथून चालत काही मिनिटांवर आहे. आणि महाराष्ट्रातून मधुचंद्राला बालीस जाणारी जोडपी ज्या विमानतळावर उतरतात, त्याचे नाव ई गुस्ती ङुराह राई. परत आलेल्या डचांशी लढताना २० नोव्हेंबर १९४६ रोजी मार्गा गावच्या शेतात हा तरुण सेनानी आपल्या नव्वदहून अधिक सोबत्यांसह मारला गेला. शरण जाण्यास त्यांनी नकार दिला होता. त्या लढाईलाही बालीत पुपुतानच म्हणतात.